तेवीस चेहऱ्यांचा तंबू

मित्रांनो, तंबूला कोणी जन्मतारीख विचारत नाही. पण माझ्या एका कोपऱ्यावर काळ्या शाईत १९९८ असा शिक्का आहे आणि तो अजून वाचता येतो. त्यावरून मी बराच जुना आहे एवढे तुमच्या लक्षात येईल. बाहेरून मी एके काळी गडद हिरवा होतो. आतून मला फिकट पिवळे अस्तर आहे. माझी गोष्ट बहुतेक या अस्तराचीच आहे, कारण तिथेच सगळे घडले.

माझा कापूस कोणत्या शेतातला, ते मला ठाऊक नाही. उत्तरेकडच्या एका मोठ्या कारखान्यात मला शिवले. जाड सुया, मेणाचा दोरा, चार कोपऱ्यांना पितळी कड्या. आम्ही एका वेळी चारशे तंबू तयार झालो. आमच्यात कोणी थोरला नव्हता, कोणी धाकटा नव्हता. आमची घडी घालून आम्हांला मालगाडीत भरले आणि लष्कराच्या भांडारात ठेवले.

पुढच्याच उन्हाळ्यात मला द्रासच्या बाजूला नेले. तिथे लढाई चालू होती. मला एका कड्याच्या आडोशाला उभे केले आणि माझ्या आत डॉक्टर बसले. वरून जखमी जवान खाली आणत, ते आधी माझ्याकडे येत. मी काय काय पाहिले ते सगळे तुम्हांला सांगणार नाही. कोणी पाणी मागे, कोणी घरचा पत्ता सांगे, कोणी काहीच बोलत नसे. एकदा मोठे वादळ झाले आणि शेजारचे दोन तंबू उडून गेले. मी उभा राहिलो. सकाळी एका सुभेदाराने माझ्या खांबावर थाप मारली आणि म्हणाला, "डटा रहा!" मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

लढाई संपली. मी आणखी काही वर्षे निरनिराळ्या छावण्यांत काढली. मग माझ्या पाठीला दोन ठिकाणी भोके पडली. एका साहेबाने मला उलगडून पाहिले आणि माझ्यावर खडूने फुली मारली. लष्करात याला कंडम होणे म्हणतात. लिलावात आम्ही ढिगाने विकले गेलो आणि मी धुळ्याच्या गौतमचंद शेठांच्या गोदामात आलो.

शेठांचे दुकान ताडपत्र्यांचे. जुने लष्करी सामानही ते ठेवत. त्यांनी माझी भोके शिवून घेतली आणि मला लग्नकार्यांत भाड्याने देऊ लागले. माझ्याखाली आचारी बसत. वांगी भाजली जात, बट्ट्या तळल्या जात, फोडणीचा धूर माझ्या अस्तरात शिरे. लढाईनंतर हे काम मला सोपे वाटले. पण पुढे लोकांना पांढरे, झालरींचे मांडव आवडू लागले आणि मला कोणी नेईना. सहा वर्षे मी गोदामाच्या मागच्या भिंतीला टेकून होतो. उंदरांनी एक दोर खाल्ला.

मग एका मे महिन्यात सुनंदाबाई दुकानात आल्या.

सुनंदाबाई दोंडाईच्याकडच्या सावरटेक गावच्या. तिथे त्या अंगणवाडी चालवतात. उंच, सावळ्या, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहणाऱ्या. त्या शेठांना म्हणाल्या, "शेठ, तंबू पाहिजे. जेलरोडला धरणं धरायचंय. बायामाणसं उन्हात बसणार. चव्वेचाळीसवर पारा गेलाय."

"कशाचं धरणं?" शेठांनी विचारले.

सुनंदाबाईंनी उभ्याउभ्याच सांगितले. सावरटेकजवळ नदीवर बंधारा झाला होता. पाणी अडवले की त्याच्या फुगवट्यात गावचा खालचा भाग बुडणार होता. ज्यांची घरे बुडणार त्यांना वर नव्या गावठाणात जागा मिळणार, तशी यादी झाली होती. पण नदीकाठच्या वस्तीतली तेवीस घरे त्या यादीत नव्हतीच. मोजणीवाले जानेवारीत आले तेव्हा वस्तीतले सगळे ऊसतोडीला गेले होते. दारांना कुलपे दिसली, आणि कागदावर लिहिले गेले की इथे कायमचे कोणी राहत नाही.

"माझ्या वजनाच्या तक्त्यात त्या वस्तीतली सत्तावीस लेकरं आहेत, शेठ," सुनंदाबाई म्हणाल्या. "मी काय भुतांची वजनं घेते का? तीस जूनला यादी बंद होणार. पावसाळा सरला की बंधाऱ्याची दारं लावणार."

शेठांनी थोडा वेळ टेबलावर बोटे वाजवली. मग गड्याला हाक मारून मला बाहेर काढायला सांगितले. "घेऊन जा, बाई. भाडं नको. फक्त एक सांगतो. तंबू जसा नेला तसाच परत आणायचा."

तो शब्द सुनंदाबाईंना पाळता आला नाही.

जेलरोडवर क्युमाईन क्लबसमोर धुळ्यातली धरणे-उपोषणे चालतात. तिथे मला उभे केले. वस्तीतल्या तेवीस घरांची माणसे आत येऊन बसली. बायकांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी बांधून आणल्या होत्या. कोणाकडे कोयता, कोणाकडे पाण्याची कळशी. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांचे नाव कौतिक सोनवणे. सगळे त्यांना कौतिकआबा म्हणत. त्यांच्या शेजारी सुमनबाई, एकट्या राहणाऱ्या विधवा बाई. त्या दिवसभर शेंगा सोलत आणि फारसे बोलत नसत. आणि सर्वांत मागे, माझ्या खांबाला पाठ लावून, सुनंदाबाईंचे यजमान बसले होते. ते झुलाल देवरे. गावात त्यांना झुलालनाना म्हणतात.

नानांचे स्वतःचे घर वरच्या आळीत होते. ते बुडणार नव्हते. ते बायकोला सोबत म्हणून आले होते. नाना लष्करात अठरा वर्षे होते, आणि तिथे त्यांचे काम रंगाचे. गाड्यांवरचे आकडे, फलक, पाट्या, सगळे त्यांच्या हातचे. मी ज्या वर्षी द्रासला होतो त्याच वर्षी तेही तिकडे होते, पण मागच्या तळावर, माझ्यापासून कितीतरी कोस दूर. पुढे एका वर्तमानपत्राने छापले की नानांनी लढाईत याच तंबूत काम केले होते. ते खरे नाही. आम्ही पहिल्यांदा भेटलो ते जेलरोडला.

निवृत्त होऊन आल्यावर नानांनी कुंचला हातात धरला नव्हता. दोंडाईच्यात एका मिरचीच्या गोदामावर ते पहारा करत, आणि उरल्या वेळात थोडी शेती बघत. गावात दुकानाच्या पाटीसाठी कोणी आले तर ते "डोळे गेले" असे सांगत. त्यांचे डोळे उत्तम होते.

तिसऱ्या दिवशी कचेरीतला एक माणूस येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तुम्ही बसलात ते ठीक आहे. पण रेकॉर्डवर ही वस्तीच नाही. नसलेल्या लोकांचं निवेदन आम्ही घ्यायचं कसं?"

तो गेल्यावर सुनंदाबाईंनी पिशवीतून लाल रंगाचा डबा आणि एक कुंचला काढला. एक पांढरी चादर जमिनीवर पसरली. नानांच्या समोर कुंचला ठेवून त्या म्हणाल्या, "तेवीस घरांच्या कारभाऱ्यांची नावं लिहा. मोठ्ठी. रस्त्यावरून दिसली पाहिजेत."

नाना कुंचल्याकडे बघत राहिले. मग आपल्या अहिराणीत म्हणाले, "माले नावं लिखाले नको सांगू, सुनंदा."

"का बरं?"

"नको सांगू."

सुनंदाबाईंनी पुन्हा विचारले नाही. त्यांनी चादरीची घडी घातली. पण कौतिकआबांना ते कळले नाही. नाना त्यांच्या मुलाच्या वयाचे होते, म्हणून त्यांनी सरळ विचारले, "काय रे झुलाल, हात दुखस का तुना?"

तेव्हा नानांनी सांगितले. आवाज न चढवता, जमिनीकडे बघत सांगितले, आणि माझ्याखाली बसलेल्या सर्वांनी ऐकले.

त्या उन्हाळ्यात तळावर लाकडी पेट्या येत. लढाईत गेलेल्या जवानांना त्या पेट्यांतून घरी पाठवत. पेटीवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि गाव लिहायचे काम नानांचे होते. पेट्या त्यांच्याकडे झाकण बसवूनच येत. एका सकाळी त्यांनी एक नाव लिहिले, हेमराज, आणि खाली गाव लिहायला कागद पाहिला तर ते गाव सावरटेकपासून तीन कोसांवर. त्यांनी अक्षर जास्त चांगले काढले. दुसरे काही करता येण्याजोगे नव्हते.

सुट्टीवर आल्यावर ते हेमराजच्या घरी गेले. त्याच्या आईने त्यांना पाट दिला, पाणी दिले. मग तिने विचारले, "भाऊ, तू शेवट देखं त्याले. कसा दिसे मना हेमराज?"

"मी काय सांगू तिले?" नाना कौतिकआबांना म्हणाले. "नावं लिखात मी. चेहरा एक बी देखा नही. नाव लिखं का मानूस संपी जास, असं व्हई गयं मना डोकामा."

सुमनबाईंनी सोललेल्या शेंगांतली मूठभर उचलून नानांच्या हातात दिली. नानांनी ती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन फार होते. बहुतेक जण आडवे झाले होते. कौतिकआबा माझ्या कनातीला टेकून बसल्याबसल्या झोपले होते. तोंड थोडे उघडे, गळ्यातला ताईत बाजूला सरकलेला. नाना बराच वेळ त्यांच्याकडे बघत होते. मग ते उठले. चहाच्या चुलीपाशी विझलेला कोळसा पडला होता तो त्यांनी उचलला, आणि आबांच्या डोक्याच्या शेजारी, माझ्या पिवळ्या अस्तरावर, त्यांनी एक रेघ ओढली.

मित्रांनो, माझ्या अंगावर शिक्के मारले गेले होते, फुली मारली गेली होती. पण चित्र कोणी काढले नव्हते. कोळसा खरखरीत लागतो. सुरुवातीला नानांचा हात थांबत थांबत चालत होता. नंतर तो थांबला नाही. कपाळ झाले, भुवया झाल्या, ओठांजवळच्या सुरकुत्या झाल्या. अर्ध्या तासाने कौतिकआबा जागे झाले, मान वळवली आणि दचकून म्हणाले, "हाऊ कोन शे? मना बाप शे ना हाऊ!"

सगळे हसले. आबांच्या घरात आरसा होता, पण तळहाताएवढा. एवढा मोठा आपला चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांनी हात पुढे केला, पण रेघ पुसली जाईल म्हणून टेकवला नाही.

"माझं बी काढा ना, नाना," मागून जितेंद्र म्हणाला. तो वस्तीतला तरुण, दोन लेकरांचा बाप. मग सगळेच म्हणू लागले.

नानांनी संध्याकाळी आग्रा रोडवरच्या दुकानातून रंगाचे डबे आणले. काळा, पांढरा, गेरूसारखा तांबडा आणि थोडा निळा. मोजकेच रंग. रोज दोन चेहरे होत. ज्याचा चेहरा काढायचा तो समोर बसे आणि बाकीचे त्याच्याशी बोलत, म्हणजे तो अवघडून बसत नसे. नाना कोणाला सुंदर करत नसत. जितेंद्रच्या भुवईवरचा कोयत्याचा वण त्यांनी तसाच काढला. एका बाईने विनवले की नाकातली मोरणी काढा, गेल्या साली विकली पण काढा. नानांनी मान हलवली. "आज नाही ना नाकात? मग नाही काढायची. तुम्ही आज आहात तशा दिसल्या पाहिजेत."

सुमनबाई सर्वांत शेवटी बसल्या. त्यांना लाज वाटत होती. त्यांनी पदर पुढे ओढला तेव्हा नाना म्हणाले, "पदर राहू द्या. पण डोळे दिसू द्या." त्यांचा चेहरा माझ्या दाराच्या आतल्या बाजूला आहे.

रस्त्याने जाणारे लोक थांबू लागले. आधी बाहेरून डोकावत, मग चपला काढून आत येत. खरे तर चपला काढायला कोणी सांगितले नव्हते. देवपुरातल्या कॉलेजची मुले-मुली येऊन बघून जात. पोलीसही पाण्याची बाटली घ्यायच्या निमित्ताने आत येत आणि एकेका चेहऱ्यासमोर उभे राहत.

आणि एके दिवशी गौतमचंद शेठ आले.

त्यांनी दारातच चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "बाई," ते म्हणाले, "मी तंबू दिला होता. पाटी नव्हती दिली लिहायला."

सुनंदाबाई उभ्या राहिल्या. "चूक झाली, शेठ. मी शब्द दिला होता."

शेठ काही बोलणार, तेवढ्यात त्यांची नजर जितेंद्रच्या चेहऱ्यावर पडली. ते जवळ गेले. "अरे, हा तर आपला जितू! तीन पावसाळे माझ्या गोदामात होता. याला आणायला मीच गाडी पाठवायचो, नदीकाठी." ते वळले. "हा राहतच नाही म्हणतात? मग माझा ड्रायव्हर जायचा कुठे?"

"तेच तर विचारतोय आम्ही," सुनंदाबाई म्हणाल्या.

शेठ खाली सतरंजीवर बसले. त्यांनी कागद मागितला आणि जितेंद्र कुठे राहतो हे आपल्याला कसे माहीत, ते स्वतःच्या अक्षरात लिहून सही केली. जाताना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आता हा परत नको. माझ्या काय कामाचा? कोणत्या लग्नात चालेल असा तंबू?" त्या दिवसापासून मी कोणाचा भाड्याचा राहिलो नाही.

जूनच्या चोवीस तारखेला पुनर्वसनाच्या नव्या अधिकारी आल्या. त्या बदलून येऊन आठवडाही झाला नव्हता. तरुण होत्या, घाईत होत्या. त्यांनी तेवीस चेहरे एका बाजूने पाहायला सुरुवात केली आणि मध्येच त्यांची घाई कमी झाली. सगळे पाहून झाल्यावर त्या म्हणाल्या, "चित्रं फार चांगली आहेत. पण मला पंचनाम्यात चेहरा लिहिता येत नाही. कोण कोणाचं, मला काय कळणार? खाली नावं घाला. परवा अकरा वाजता मी तलाठ्यांना घेऊन येते. चित्रावरून माणूस ओळखू, माणसाच्या मागे त्याच्या घरापर्यंत जाऊ, आणि घर मोजू. पण नावं हवीत."

त्या गेल्या. सगळ्यांनी नानांकडे पाहिले आणि लगेच दुसरीकडे पाहिले, कारण ती गोष्ट सर्वांना ठाऊक होती.

नानांनी कुंचला धुतला. पुसला. पुन्हा धुतला. सुनंदाबाई म्हणाल्या, "तुम्ही राहू द्या. ज्याला येतं तो आपलं आपण लिहील."

आणि तसेच झाले. जितेंद्रने आपले नाव लिहिले, थोडे तिरके. एका आजीने सहीपुरती शिकलेली अक्षरे जीभ बाहेर काढून लिहिली. ज्यांना येत नव्हते त्यांची नावे त्यांच्या शाळेत जाणाऱ्या मुलींनी, सुनांनी लिहिली. बावीस नावे झाली. बावीस तऱ्हेची अक्षरे. नाना बाजूला बसून होते.

कौतिकआबांना लिहिता येत नव्हते. त्यांची सून पुढे आली तर त्यांनी तिला थांबवले. ते नानांसमोर जाऊन बसले आणि कुंचला त्यांच्या हातात दिला.

"मनं नाव तू लिख, झुलाल."

"आबा, नको."

"का नको? आरे, मी आजून जिता शे. आतेच लिखी टाक. मी देखस आठे बशीसन."

नाना उठले. ते चेहऱ्याजवळ गेले तेव्हा त्यांचा श्वास मला लागत होता. कुंचला टेकला आणि तसाच राहिला. रंगाचा एक ओघळ खाली गेला. तो अजून आहे. मागून कौतिकआबा म्हणाले, "मी आठेच शे रे." नानांनी 'कौ' लिहिले. मग वळून पाहिले. आबा तिथेच बसले होते. 'ति' लिहिले, पुन्हा वळून पाहिले. प्रत्येक अक्षरानंतर ते वळून पाहत होते आणि आबा प्रत्येक वेळी हात वर करत होते. कौतिक सोनवणे, सावरटेक. एवढे लिहायला त्यांना पाव तास लागला. लष्करात ते काही मिनिटांत लिहीत.

लिहून झाल्यावर नाना बाहेर जाऊन नळावर तोंड धुऊन आले. मी त्यांना रडताना पाहिले असे म्हणणार नाही. मी आत होतो, ते बाहेर होते.

अधिकारी मॅडम शब्दाच्या पक्क्या निघाल्या. सव्वीस तारखेला आल्या, माणसे ओळखली, त्यांना गाडीत घेऊन वस्तीवर गेल्या, चुली पाहिल्या, अंगणवाडीचा तक्ता पाहिला, शेठांचा कागद जोडून घेतला. यादी बंद होण्याआधी तेविसांपैकी एकोणीस घरे तिच्यात चढली. चार राहिली; त्यांना आता पुरवणी यादीसाठी अर्ज करत राहावे लागणार होते. कोणाच्या कागदावर भावाचे नाव होते, कोणाचे घर गायरानात येत होते. सुमनबाईंची गोष्ट आणखी वेगळी. मोजणीच्या वर्षीच त्यांच्या घराची भिंत पडली होती आणि त्या शेजाऱ्यांच्या पडवीत राहत होत्या. कागद म्हणत होता की घर नाही, तर घर बुडणार कसे?

धरणे उठले. एकोणीस घरांनी गूळ वाटला. माझी घडी घालून मला सावरटेकला नेले आणि ग्रामपंचायतीच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवले. तिथे माझे हाल झाले. पावसाचे पाणी गळत होते. माझी ओलीच घडी घातली होती, त्यामुळे माझ्यावर काळे ठिपके पडले. तीन चेहऱ्यांचे रंग एकमेकांना चिकटले. बाहेर मात्र माझे नाव होत होते. वर्तमानपत्रांत फोटो येत होते, नानांना सत्काराची बोलावणी येत होती. त्यांनी पुन्हा चित्रे काढायला सुरुवात केली होती, पोत्यांवर, दारांच्या फळ्यांवर. जिथे कुठे लोक काही मागण्यासाठी बसत, तिथे नाना रंगाचे डबे घेऊन जात आणि बसलेल्यांचे चेहरे काढत. जळगावला त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन झाले. त्या दिवशी मी पत्र्याच्या खोलीत होतो.

या काळात नाना एकदा हेमराजच्या गावी गेले. त्याचा एखादा फोटो मिळाला तर चेहरा काढावा, असे त्यांच्या मनात होते. घराला कुलूप होते. आई सुरतेला लेकीकडे राहायला गेली, एवढेच शेजाऱ्यांना माहीत होते. नाना परत आले. पुन्हा गेले का, ते मला कळलेले नाही.

एके दिवशी जळगाव जिल्ह्यातली भाविका चौधरी नावाची मुलगी सावरटेकला आली. रावेरकडच्या केळी पिकवणाऱ्या घरातली, पण आता एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयात कामाला. तिने मला त्या खोलीतून बाहेर काढायला लावले, अंगणात उलगडले आणि माझी अवस्था बघून तिच्या डोळ्यांत पाणी आले. मऊ ब्रशने तिने माझी बुरशी झाडली. त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

"नाना, हा तंबू आम्हांला द्या," ती म्हणाली. "काचेच्या मागे ठेवू. थंड खोलीत. ऊन नाही, ओल नाही. शंभर वर्षं राहील."

नाना म्हणाले, "मला एकट्याला नाही ठरवता येणार. ज्या चार घरांचं राहिलंय त्यांना विचारू."

चार घरची माणसे आली. भाविकाने त्यांना पुन्हा सगळे समजावून सांगितले. ती मनापासून बोलत होती. सुमनबाई, ज्या फारसे बोलत नसत, त्या बोलल्या.

"काचना मांगे बशीसन मी काय करू, माय? माले तर आजून घर भेटनं नही."

भाविकाने वहीत काहीतरी लिहिले आणि नानांना माझी काळजी कशी घ्यायची ते शिकवले. माझी कधी ओली घडी घालायची नाही. चेहऱ्यांच्या मध्ये सुती कापड ठेवायचे. कडुनिंबाचा वाळलेला पाला घडीत घालायचा. मित्रांनो, तुमच्या घरी जुने जाजम, सतरंजी, आजीची पैठणी असेल तर तुम्हीही हेच करा. काही अवघड नाही.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी कलेक्टर कचेरीत लोकशाही दिन असतो. लोक आपली गाऱ्हाणी घेऊन येतात. राहिलेल्या चार घरांसाठी त्या प्रत्येक सोमवारी सकाळी मला टेम्पोतून धुळ्याला नेऊन उभे करतात आणि संध्याकाळी वाळवून घडी घालतात. ऊन आणि वारा माझ्या चेहऱ्यांचे रंग खातात. नाना दर खेपेला कुंचला घेऊन बसतात, पण सगळे चेहरे रंगवत नाहीत. ज्यांचे काम झाले त्यांचे चेहरे त्यांनी तसेच सोडले आहेत. पहिल्यांदा मला वाईट वाटले. एकोणीस चेहरे हळूहळू फिके होत गेले. पण ती माणसे नव्या गावठाणात आहेत, कोणाच्या दारात शेवगा लागला आहे, जितेंद्रने ओटा बांधला आहे. मधूनमधून येऊन ते आपला पुसट चेहरा बघतात आणि हसतात. कौतिकआबा तर म्हणतात की आता तो पुन्हा बापासारखा दिसायला लागला.

पहिल्या वर्षी चारातले एक घर यादीत चढले. नानांनी त्या चेहऱ्याचा रंग थांबवला. दुसऱ्या वर्षी आणखी एक. गेल्या दिवाळीआधी तिसरे. आता माझ्यावर एकच चेहरा ताजा आहे. सुमनबाईंचा. नव्या गावठाणातही त्या शेजाऱ्यांच्याच पडवीत राहतात.

गेल्या सोमवारी नाना त्यांच्या चेहऱ्यावर रंग चढवत होते. सुमनबाई समोर बसून शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर करून चित्राकडे पाहिले आणि म्हणाल्या, "नाना, आते माले जराशी म्हातारी काढ. चार वरीस व्हई ग्यात."

नानांनी त्यांच्याकडे नीट पाहिले. मग पांढऱ्या रंगात कुंचला बुडवून त्यांनी कपाळावरच्या केसांत दोन रेघा काढल्या, आणि डोळ्याखाली एक बारीक सुरकुती.

मित्रांनो, माझे कापड आता विरत चालले आहे. शिवण सुटते, दोर बदलावे लागतात. तुम्ही कधी धुळ्याला आलात आणि महिन्याचा पहिला सोमवार असला, तर जरूर आत या. माझ्या अस्तराला हात लावू नका, रंग निघतो. सुमनबाईंशी दोन शब्द बोला. आणि त्यांचे नाव यादीत चढल्याचे तुमच्या कानावर आले, तर धावत येऊन नानांचा हात धरा, म्हणजे ते तिथेच थांबतील आणि या चेहऱ्यावर आणखी एक सुरकुती काढावी लागणार नाही.